अंगावर काढणं आणि पेलणं

(सात रस्ता, सोलापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, ते सर आमच्या शाळेत पी.टी.चे शिक्षक होते. मैदानावर उतरण्याआधी ते आम्हा मुलामुलींना एका ओळीत उभं करायचे आणि ओळीवरून चालत जात एकेकाला विचारायचे, "कुठं दुखायलंय?" कुणी पोटरी सांगायचं, कुणी अंगठा, कुणी पाठ. सर मान हलवून पुढं जायचे. पण कुणी छाती काढून "काही नाही सर" म्हणालं, की ते थांबायचे. "तू बाजूला ये." पहिली तपासणी त्याची व्हायची. रोज धावणाऱ्याचं काही ना काही दुखतंच, आणि जो दुखत नाही म्हणतो तो लपवतोय, असा त्यांचा अनुभव होता.

त्या ओळीत मी चार वर्षं उभी राहिले. पुढं फिजिओथेरपी शिकले आणि गेली अनेक वर्षं याच सात रस्त्याच्या परिसरात लोकांचे गुडघे, टाचा, मनगटं आणि खांदे हाताळते आहे. माणसाचं कुठं दुखतंय हे ओळखणं हा माझा रोजचा धंदा. असं असूनही २०१८ च्या नोव्हेंबरात माझी स्वतःची नळी दुखायला लागली तेव्हा मी स्वतःला उत्तर दिलं, "काही नाही." त्या उत्तराची मला पुरी किंमत मोजावी लागली. आज सरांच्या नावाच्या व्यासपीठावरून मला त्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. २० जानेवारी २०१९ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण शर्यत धावायची, असं मी जुलैतच ठरवलं होतं. त्याआधी अर्ध्या मॅरेथॉन झाल्या होत्या. पहाटे पाचला आम्ही आठ-दहा जण सात रस्त्याच्या चौकात जमायचो. बाहेरगावच्या बसमधून उतरलेली पेंगुळलेली माणसं सामान सावरत रिक्षा शोधत असायची आणि आम्ही त्यांच्यासमोर पाय ताणत उभे असायचो. रविवारची लांब धाव विजापूर रोडनं. कंबर तलाव ओलांडायचा, नेहरू नगर मागं टाकायचं, सोरेगावकडं जायचं आणि परतायचं. पावसाळा संपत आला की तलावावरची ती पहाटेची हवा! सोलापूरचा उन्हाळा ज्यानं अंगावर घेतलाय त्यालाच तिची किंमत कळेल.

दिवाळीपर्यंत मी २१ किलोमीटरपर्यंत आले होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. फराळ, पाहुणे, दवाखाना यांत दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी बुडालेलं सगळं एकदम भरून काढायला निघाले आणि ३० किलोमीटर धावले. धावून झाल्यावर छान वाटलं. दम पुरला होता, छाती भरून आली नव्हती. दोन दिवसांनी डाव्या नळीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एक ठणका सुरू झाला.

इथं क्षणभर शरीराकडं वळू या, कारण माझी चूक तिथंच आहे. धावायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं लवकर शिकतात. काही आठवड्यांत दम वाढतो आणि आपल्याला वाटतं की सगळं शरीर तयार झालं. स्नायू थोडे मागून येतात. स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे त्याहून मागून, आणि हाडं सगळ्यांत शेवटी. हाड ही जिवंत वस्तू आहे. त्याच्यावर नवा भार पडला की ते आधी स्वतःचा जुना, सूक्ष्म तडे गेलेला भाग खरवडून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी पोपडे पाडतो, तसंच हे. पण खरवडण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं आणि भरण्याचं काम तीन महिने चालतं. म्हणजे नव्या मेहनतीनंतर मधले काही आठवडे हाड आधीपेक्षा कमजोर असतं. नेमकं त्याच वेळी आपला दम मात्र वाढलेला असतो, आणि आपण अंतर वाढवतो.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो. मिनिटाला १६५ पावलं धरली, तर पाच तासांच्या मॅरेथॉनमध्ये जवळपास पन्नास हजार पावलं होतात. एकही पाऊल हाड मोडण्याइतकं जोराचं नसतं. मोडतो तो आकडा. प्रशियाच्या लष्करात ब्राइटहाउप्ट नावाच्या सर्जननं १८५५ मध्ये सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन करून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागलाही नव्हता. शतक संपता संपता क्ष-किरण आले आणि कळलं की त्या पावलांतली हाडं चालून चालून तडकली होती. आज आपण त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. डॉक्टर मंडळींत बराच काळ त्याचं नाव 'मार्च फ्रॅक्चर' असंच होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी स्वतः सांगत होते की नळी लांबवर पसरून दुखत असेल आणि धावता धावता अंग तापल्यावर कमी होत असेल, तर घाबरू नका, भार कमी करा. पण एका बोटानं दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, धावताना दुखणं वाढत जात असेल, रात्री अंथरुणात पडल्यावरही जागा ठणकत असेल, त्या पायावर एकदा उडी मारून बघता येत नसेल, तर दुसऱ्या दिवशी धावू नका. माझ्या नळीवर चारही खुणा होत्या. मी बोट ठेवून बघायचं टाळलं. उडी मारून बघायचं टाळलं. बर्फ लावला, पट्टी गुंडाळली, दोनदा वेदनाशामक गोळी घेऊन धावायला गेले. गोळी घेऊन धावणं हे मी ज्या दिवशी पहिल्यांदा केलं, तो दिवस माझ्या व्यवसायातला सगळ्यांत लाजिरवाणा दिवस मानते. दुखणं ही आतून आलेली खबर असते आणि मी खबर आणणाऱ्याचंच तोंड दाबलं.

दोन आठवडे असे गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला एक्स-रे काढला तो स्वच्छ आला. ही गोष्ट धावणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. सुरुवातीच्या आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसत नाही. हाड भरायला लागतं तेव्हा कुठं त्याची सावली उमटते. मला हे माहीत असूनही मी त्या स्वच्छ एक्स-रेला परवान्यासारखं वापरलं आणि आणखी एक रविवार धावले. चौदा किलोमीटरवर, परतीच्या वाटेवर कंबर तलावापाशी, मला चालताही येईना. एमआरआयमध्ये तडा दिसला. शर्यतीला सहा आठवडे उरले होते आणि हाडाला किमान तेवढेच हवे होते.

आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. मी खूप विचार केला, पण आपण तो कधी निंदेनं वापरतो आणि कधी कौतुकानं, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. आई ताप अंगावर काढते तेव्हा आपण तिला रागावतो आणि चार लोकांत तिचं कौतुकही करतो. पैलवान दुखरा खांदा घेऊन आखाड्यात उतरतो, त्याला आपण जिगरबाज म्हणतो. सोलापूर हे तर अंगावर काढणाऱ्यांचं शहर आहे. बारा तासांच्या पाळीत यंत्रमागासमोर उभे राहणारे कामगार, पूर्व भागात सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानावर वाकलेल्या हजारो बायका. या शहराची चादर आणि या शहराची बिडी दोन्ही अंगावर काढलेल्या दुखण्यांतून बाहेर आली आहेत.

मला तडा सापडला त्याच आठवड्यात एक बिडी वळणाऱ्या बाई माझ्याकडं आल्या. उजवा अंगठा आणि मनगट सुजलेलं, मान आखडलेली. मी त्यांना सांगितलं, "तीन आठवडे हात थांबवा." त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "थांबवून कसं चालंल की ओ मॅडम? हजाराचा हिशोब हाय. वर छाट काढतेत ते येगळंच." बिडीची मजुरी हजारावर मिळते. सदोष ठरलेल्या बिड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. त्यांनी माझ्या पायातला बूट बघितला, कारण मी तेव्हा दवाखान्यातही लंगडत होते. "तुमचं काय झालंय?" मी म्हटलं, "धावून हाड तडकलंय." त्या म्हणाल्या, "मग थांबा की. तुमाला कोण हजार मागतंय?"

मंडळी, त्या वाक्यानं माझ्या डोक्यातलं मॅरेथॉनचं सगळं शौर्य खाली ठेवलं. त्यांच्या मनगटात आणि माझ्या नळीत एकच आजार होता. एकच हालचाल, हजारो वेळा, भरून यायला वेळ न देता. फरक एवढाच होता की मला थांबायची मुभा होती आणि त्यांना नव्हती. आणि जिला मुभा होती तीच दुखणं अंगावर काढत होती, जणू तेही कुणी माझ्याकडून मोजून घेणार होतं. त्या दिवसापासून धावपटूच्या सहनशक्तीबद्दल मी फार जपून बोलते.

थांबणं म्हणजे काय, हे मात्र मला नव्यानं शिकावं लागलं. पहिले आठ दिवस मी अक्षरशः शोक केला. पहाटे साडेचारला डोळा उघडायचा. गटाच्या व्हॉट्सॲपवर सोरेगावच्या वाटेवरची छायाचित्रं यायची आणि मी फोन पालथा ठेवायची. कुणी विचारलं तर चिडायची. धावणारा माणूस दुखापतीत फक्त व्यायाम गमावत नाही. दिवसाची सुरुवात गमावतो, सोबत गमावतो, आणि 'मी धावते' हे स्वतःबद्दलचं एक वाक्य गमावतो. माझ्या रुग्णांना मी वर्षानुवर्षं व्यायामाचे कागद लिहून दिले होते, पण हे कधी विचारलं नव्हतं. आता पहिल्या भेटीत विचारते.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. वजन कमी व्हावं म्हणून मी रात्रीची भाकरी सोडली होती. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व बरंच कमी होतं, आणि पाळी जायच्या वयात हाडांची घनता तशीही घसरायला लागते. आठवड्याला साठ किलोमीटर धावायचं आणि खाणं कमी करायचं, म्हणजे भिंत खरवडून काढायची आणि वाळू-सिमेंट आणायचंच नाही. धावणाऱ्या बायकांना माझी हात जोडून विनंती आहे. पाळी अनियमित झाली, वारंवार हाड दुखायला लागलं, तर ते 'फिट' झाल्याचं लक्षण समजू नका. मी भाकरी परत सुरू केली, दूध वाढवलं, तीळ वाढवले. तिळाला संक्रांतीची वाट बघायची गरज नसते.

पाय जमिनीवर आपटायचा नव्हता, पण हृदय रिकामं ठेवायचीही गरज नव्हती. पाच-सहा दिवसांच्या विश्रांतीनं दम फारसा कमी होत नाही. दोन-तीन आठवड्यांनंतर घसरण जाणवायला लागते. म्हणून दहा दिवस पूर्ण आराम दिल्यावर आणि चालताना दुखणं थांबल्यावर मी घरात स्थिर सायकल चालवायला लागले, पोहण्याच्या तलावात कमरेला तरंगपट्टा बांधून पाण्यात धावायला लागले. पाण्यात तळाला पाय टेकत नाही, आणि धावण्याची लय मात्र राहते. मांड्या, कंबर आणि पोटऱ्या यांचे व्यायाम मी कितीतरी वर्षं इतरांना शिकवले, स्वतः कधी केले नव्हते. ते सुरू केले.

इथं एक गैरसमज मला दूर करायचा आहे. दुखापत म्हटली की आपल्याकडं एक तर अंगावर काढतात, नाहीतर अंथरूण धरतात. बर्फ लावा, दाबून बांधा, पाय वर ठेवा, पडून राहा, हा सल्ला जगभर पसरला तो गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरच्या १९७८ च्या पुस्तकातून. मिर्किन यांनीच पुढं, बऱ्याच वर्षांनी, जाहीरपणे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती भरून येण्याचं काम लांबवू शकतात. स्वतःचाच प्रसिद्ध सल्ला मागं घेणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो. दुसरी गोष्ट स्वीडनमधली. हाकन आल्फ्रेडसन या अस्थिरोगतज्ज्ञांच्या स्वतःच्या टाचेमागचा कंडरा वर्षानुवर्षं दुखत होता. ते पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा जोरकस व्यायाम करू लागले आणि कंडरा मोडण्याऐवजी बरा झाला. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा धावणाऱ्यांवर बारा आठवडे केलेला हाच प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातून दोनदा, वजन वाढवत. शस्त्रक्रियेच्या रांगेतले लोक पुन्हा धावायला लागले. दुखऱ्या कंडऱ्याला भारच हवा होता, पण मोजलेला आणि हळूहळू वाढणारा.

हाडाच्या तड्याला असं लगेच भार देऊन चालत नाही, कंडऱ्याला नुसतं बसवून ठेवून चालत नाही. गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं आणखी वेगळं, तळपायाचं आणखी वेगळं. म्हणून 'गुडघा दुखायलाय, काय करू' असं रस्त्यात विचारून उत्तर मिळत नसतं. नीट तपासून घ्यावं लागतं.

वाटेत थांबणाऱ्याकडं आपण कसं बघतो, तेही बघू या. मराठी माणसाच्या मॅरेथॉनचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यातली मुलं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉन धावले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब मॅरेथॉन. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा क्रमांक मिळवला. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांचं नाव घेताना मला दरवेळी अभिमान वाटतो, आणि दातारांचं नाव घेताना वाईट वाटतं. त्यांच्या नावापुढं नोंद आहे ती एवढीच. इतक्या दूर जाऊन, अनोळखी थंडीत, वाटेत जो थांबला त्याच्या त्या थांबण्याला कुणी काही विचारलं असेल का?

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकची मॅरेथॉन जगाला एका माणसामुळं आठवते. टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी वाटेत पडला, गुडघा दुखावला, पट्टी बांधून लंगडत, अंधार पडल्यावर सगळ्यांत शेवटी स्टेडियममध्ये आला. ते चित्रण पाहताना माझे डोळे आजही भरतात. पण त्याच शर्यतीत अबेबे बिकिला होता. रोमला अनवाणी आणि टोकियोला आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत, अशी सलग दोन सुवर्णपदकं जिंकलेला इथिओपियाचा बिकिला. मेक्सिकोत दुखऱ्या पायामुळं तो सुमारे सतराव्या किलोमीटरला थांबला, आणि त्याचाच देशबंधू मामो वोल्डे पुढं जाऊन जिंकला. थांबलेल्या बिकिलाचं चित्र कुठं भिंतीवर लागत नाही. माझ्या दवाखान्यात मला ते लावायचं आहे. अखवारीला मी वंदन करते. पण ऑलिंपिक आयुष्यात एखाद्याला एकदा येतं. रविवारची धाव बावन्न वेळा येते. अखवारीचं धैर्य रविवारच्या धावेवर उधळायचं नसतं.

आणि आपल्या काळातला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायी जाणारा, पुढं सैन्यात जाऊन सियाचीनची थंडी सोसलेला. त्याला सहनशक्ती शिकवायची कुणाला गरज नव्हती. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली त्यानं स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंची सद्दी मोडून रौप्य घेतलं, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. माझ्याकडं येणारी आष्टी-करमाळ्याकडची पोरं त्याचं नाव घेऊन सराव करतात. त्यांना मी सांगते की अविनाशच्या वेळा पाठ करता तशा त्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांचाही विचार करा. गुडघ्याच्या अशा शस्त्रक्रियेनंतर पूर्ण वेगानं परतायला साधारण नऊ महिने, कधी वर्ष लागतं. त्यातले पहिले आठवडे माणूस गुडघा सरळ करायला आणि मांडीचा स्नायू आवळायला शिकत असतो. आशियाई विजेताही.

आता माझ्या शर्यतीच्या आठवड्याकडं येते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला खेटून. दरवर्षी मी यात्रेच्या गर्दीत उभी असते ती मनानं मुंबईत. त्या वर्षी पहिल्यांदा मी पूर्ण मनानं इथं होते. हिरेहब्बू वाड्याकडून सात नंदीध्वजांची मिरवणूक निघाली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वर आभाळात डुलणारे ध्वज, हलग्यांचा कडकडाट. मी लहानपणापासून हे पाहत आलेय. त्या दिवशी मात्र मी माणसांच्या पायांकडं आणि कमरेकडं पाहिलं, फिजिओच्या नजरेनं.

नंदीध्वज उचलतात असं आपण म्हणत नाही. पेलतात म्हणतो. आणि पेलणारी माणसं आदल्या कित्येक आठवड्यांपासून सराव करतात. मिरवणुकीत एक जण ध्वज घेऊन काही पावलं चालतो. त्याचा तोल, श्वास, पाऊल यांवर शेजाऱ्यांची नजर असते. तो थकतोय असं दिसलं की दुसरा पुढं येऊन ध्वज घेतो. ज्यानं दिला त्याला कुणी हसत नाही. आपली ताकद किती, आणि कधी सोपवायचं, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती ध्वज देतच नाहीत, कारण तो पडला तर एकट्याचा पडत नाही.

तिथं उभी असताना मला माझ्या भाषेतले ते दोन शब्द शेजारी शेजारी दिसले. अंगावर काढणारा माणूस भाराकडं पाठ करतो, त्याचं वजन मोजत नाही, आणि कुणाला सांगतही नाही. पेलणारा माणूस सगळं लक्ष भाराकडं ठेवतो. सर ओळीत उभं करून "कुठं दुखायलंय" विचारायचे, ते आम्हाला पेलायलाच शिकवत होते. मी ऐकलं होतं, समजलं नव्हतं.

त्या रविवारी मुंबईत शर्यत सुरू झाली तेव्हा मी घरी शेंगापोळ्या लाटत होते. आमच्या गटातले चौघे धावत होते. मी दर अर्ध्या तासानं त्यांच्या वेळा बघत होते, आणि पेडर रोडच्या चढावर त्यातला एक जण चालायला लागलाय असं कळलं तेव्हा मी मोठ्यानं "शाब्बास" म्हणाले.

माझं परतणं फेब्रुवारीत सुरू झालं. त्या पायावर दहा उड्या न दुखता मारता यायला लागल्यावर एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं. एक दिवस धाव, एक दिवस सुट्टी. सात रस्त्यापासून कंबर तलावापर्यंत जायला मला पहिल्यांदा किती वेळ लागला हे मी मुद्दाम पाहिलं नाही. मे महिन्यात अर्धा तास सलग धावले. पूर्ण मॅरेथॉन पुढच्या जानेवारीत, २०२० मध्ये, मुंबईतच. सव्वापाच तास.

आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम आपण सगळे सांगतो. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या खोनिंगनच्या संशोधकांनी पाचशेहून जास्त नवख्या धावणाऱ्यांवर तो तपासला, तेव्हा नियम पाळणाऱ्यांत आणि इतरांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या. त्यात दिसलं की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवसातली उडी महागात पडते. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली की दुखापतीचं प्रमाण वाढतं. ते वाचताना मला माझा दिवाळीनंतरचा रविवार आठवला. एकवीसवरून तीस. बुडालेले रविवार कधीच भरून काढायचे नसतात. ते गेलेले असतात. या सभागृहात मॅरेथॉनची तयारी करणारी जी तरुण मंडळी बसली आहेत, त्यांनी उद्या आपली वही किंवा घड्याळ उघडून गेल्या महिन्यातली सर्वांत लांब धाव बघावी आणि येत्या रविवारचं अंतर त्यावरून ठरवावं.

आणि त्या बिडीवाल्या बाई. त्यांना मी तीन आठवडे हात थांबवा म्हणाले होते, तो सल्ला माझा होता, त्यांच्या आयुष्याचा नव्हता. दुसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा आम्ही दोघींनी मिळून हिशोब केला. पंचवीस बिड्यांची एक जुडी. चार जुड्या झाल्या की शंभर. शंभर झाले की सूप खाली ठेवायचं, उभं राहायचं, दोन्ही हात वर, मान मागं, मनगटं फिरवायची, घोटभर पाणी, आणि परत बसायचं. दोन मिनिटं. दिवसात दहा वेळा. मी माझ्या पायासाठी एक मिनिट धाव आणि चार मिनिटं चाल लिहून घेत होते त्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्यांचं वेळापत्रक लिहिलं. सूज दोन महिन्यांत उतरली. पूर्ण गेली नाही. काम तेच आहे, मजुरीचा हिशोब तोच आहे, आणि तो बदलायला माझा कागद पुरणार नाही, हे मी जाणून आहे.

परवा त्या पुन्हा आल्या होत्या, शेजारणीला घेऊन. म्हणाल्या, आता गल्लीतल्या सहा-सात जणी शंभरावर उठतात. एकीचे शंभर झाले की ती हाक मारते आणि बाकीच्याही उठतात, कुणाचे नव्वद झालेले असोत की साठ. शेजारणीचा खांदा तपासत होते तेव्हा त्या खुर्चीवर बसून माझ्या बुटांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं पाय काय म्हणतंय मॅडम? कुठं दुखायलंय?"

मी बोट ठेवून दाखवलं.